उघडा चावा: स्क्रू की जबड्याचं ऑपरेशन?

भाची पोळीचा घास पुढच्या दातांनी तोडूच शकत नाही. दाढा मिटल्या तरी समोर फट उरते, यालाच उघडा चावा म्हणतात. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी स्क्रू. "मामा, नक्की काय करू?"

स्क्रू म्हणजे दीड-दोन मिलिमीटर जाडीची टायटॅनियमची खिळी. हिरडी बधिर करून हाडात बसवतात आणि तिच्या आधाराने वरच्या दाढा वर हाडाकडे खेचतात. दाढ एक मिलिमीटर सरकली की समोरची फट साधारण दोन-तीन मिलिमीटर मिटते. गंमत म्हणजे खालचा जबडा आपोआप वर-पुढे फिरतो. ऑपरेशनमध्ये मात्र पूर्ण भूल देऊन जबड्याचं हाडच कापतात आणि प्लेटांनी जोडतात.

खर्चात स्क्रू बराच हलका. दोन्ही उपायांत दातांना तारा लागतातच, दीड-दोन वर्षं तरी. त्रासाचं म्हणाल तर ऑपरेशननंतर काही आठवडे पेज, वरण, मऊ भात. ओठ बधिर राहण्याचाही धोका. स्क्रूची खोड वेगळी: काही ढिले होतात, पुन्हा बसवावे लागतात. ब्रश नीट न फिरवणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये. फट पुन्हा उघडण्याची भीती दोन्हीकडे आहे. जीभ पुढे रेटायची सवय सुटली नाही तर जास्तच.

फट मध्यम आणि चेहरा साधारण सरळ असेल तर मी आधी स्क्रूच म्हणेन. हनुवटी फार मागे किंवा चेहरा वाकडा असेल तर वाढ पूर्ण झाल्यावर ऑपरेशन.