कोल्हापूर-पुणे गाडी आणि वाटेत चांदोली : हे जोड-पॅकेज घेऊ नका

आकडा आधी सांगतो. २६,७०० रुपये. त्यातले १८,२०० मी माझ्या हातानं, माझ्याच मोबाईलवरून तीन वेळा पाठवले आणि ८,५०० रोख मोजून दिले, तेही रस्त्याच्या कडेला उभं राहून, व्याह्यांच्या देखत. पतसंस्थेत एकतीस वर्षं हिशेब तपासण्याचं काम केलं. पावतीशिवाय कुणाचं व्हाउचर पास केलं नाही. म्हणूनच हे लिहायला महिनाभर हात धजत नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "लाजून गप्प बसलात तर उद्या आणि कुणाचं तरी घर फसेल." म्हणून लिहितोय.

फेब्रुवारीत लेकीचं डोहाळजेवण होतं. नागपूरहून व्याही, विहीणबाई, जावई आणि जावयांची धाकटी बहीण असे चौघं आले. येताना महाराष्ट्र एक्सप्रेसनं आले. दिवस-रात्र गाडीत बसून विहीणबाईंचे गुडघे सुजले. म्हणून परतीचं विमान पुण्याहून काढलं, शनिवार २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४० चं. म्हणजे पुण्यापर्यंत गाडी करायचीच होती. मीही सोडायला जाणार होतो.

व्याही जंगलवेडे. ताडोबा त्यांना घरच्या अंगणासारखा. गप्पांत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे जंगल आहे का हो चांगलं?" आता कोल्हापूरच्या माणसाला हे विचारल्यावर तो गप्प बसेल का? मी दाजीपूरचे गवे सांगितले, चांदोली सांगितली. तीनशे सतरा चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, २०१० साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलेलं, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. दाजीपूर पुण्याच्या उलट्या बाजूला. चांदोली मात्र जमण्यासारखी: हायवेनं पेठ नाका, तिथून आत शिराळा, कोकरूड, आरळा, मणदूर. जंगल बघून परत नाक्यावर आलं की पुढं सरळ पुणे. पाहुण्यांना आपलं जंगल दाखवावं एवढीच इच्छा होती. त्यात माझं काय चुकलं, ते अजून मला कुणी सांगावं.

रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपवर जाहिरात आलेली होती. 'पुणे ड्रॉप विथ चांदोली सफारी, वनविभाग मान्यताप्राप्त गाईडसह.' ग्रुपवरचीच म्हणून विश्वास. कुणी टाकली ते नंतर विचारलं, तर त्यालाही दुसऱ्या ग्रुपवरून आलेली. फोन केला. पलीकडचा पोरगा इतका अदबीनं बोलला! "काका, तुम्ही काय काळजी करू नका. दारातून उचलतो, जंगल दाखवतो आणि विमानतळावर नेऊन सोडतो." हिशेबही खुलासेवार सांगितला. इनोव्हा गाडी ११,५०० रुपये, पाच जणांची जिप्सी, परमिट आणि गाईड मिळून ८,४००, नाश्ता-जेवण १,६००. एकूण २१,५००. मी दोन ठिकाणी चौकशी केली होती, गाडीचा दर त्याच अंदाजातला होता. फार स्वस्त असता तर मीच संशय घेतला असता. यांना ते बरोबर ठाऊक असतं.

आणि म्हणाला, "ताडोब्याची वाघीण सोडलीय ना, सध्या साइटिंग जोरात आहे." वाघीण आणून सोडल्याची बातमी नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनीच वाचलेली. पण चांदोलीच्या दाट जंगलात वाघ दिसणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला कळायला नको? जो कुणी चांदोलीत वाघ दाखवतो म्हणेल, त्याचा फोन तिथंच ठेवा.

टोकन म्हणून ५,००० पाठवले. स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्या तरी मोबाईल शॉपीचं. मी थांबलो. विचारलं. "भावाचं दुकान आहे काका, जीएसटीचं खातं ते." बरं म्हटलं. गुरुवारी 'परमिट लॉक करायला' म्हणून ९,००० मागितले, तेही पाठवले. लगेच परमिटचा कागद आला. वर राजमुद्रा, खाली शिक्का. त्या कागदावर वर 'चांदोली अभयारण्य' लिहिलेलं आणि खाली 'राष्ट्रीय उद्यान'. सरकारी कागद एकाच जागेला दोन नावं देत नाही, हे मी दुसऱ्याच्या कागदात क्षणात पकडलं असतं.

आता जिथं माझे डोळे उघडायला हवे होते, ती वेळ.

शुक्रवारी रात्री जेवायला बसलो होतो. निघायच्या आदल्या रात्रीचं जेवण म्हणून तांबडा-पांढरा केलेला. व्याह्यांनी वाटी खाली ठेवली आणि सहज विचारलं, "परमिट झालं म्हणता, पण तुम्ही आमचे आधार नंबर तर मागितलेच नाही? आमच्याकडे ताडोब्याला तर प्रत्येकाचं नाव, आधार, सगळं भरावं लागते."

मी कागद उघडून बघितला. 'पर्यटक : ५'. एवढंच. एकाचंही नाव नाही. न माझं, न त्यांचं. पाच माणसांचं परमिट आणि पाच माणसं कोण ते कुठंच नाही. एकतीस वर्षं हेच तर तपासलं मी, रक्कम आहे पण नाव कुठं आहे. आणि त्या रात्री मी काय उत्तर दिलं? "आमच्याकडं एवढं किचकट नसतं हो." विहीणबाईंच्या समोर, जावयांच्या समोर, ताठ मानेनं. मनात शंका आली होती, हे मी कबूल करतो. पण पाहुण्यांपुढं 'थांबा, विचारून बघतो' म्हणायला जीभ रेटली नाही. बरं, त्या वेळी एक फोन केला असता तर निदान पुढचे ४,२०० वाचले असते. कारण जेवणं झाल्यावर पावणेदहाला त्याचा मेसेज आला, गाईडची फी आजच जमा करावी लागते, ४,२००. आणि मी पाठवले. शंका येऊन पाठवले. बाकीच्या रकमेपेक्षा हे ४,२०० मला जास्त बोचतात. उरलेले ३,३०० पुण्यात ड्रायव्हरकडं द्यायचे ठरलं.

सकाळी पाचची गाडी सहा वाजून दहा मिनिटांनी आली. इनोव्हा नव्हे, अर्टिगा. पांढरी नंबरप्लेट. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाडं नेताना अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायची मारामार. तिथंच गाडी परत लावायला हवी होती. पण बॅगा दारात, विमान डोक्यावर. मी फोन केला, तो म्हणाला, "इनोव्हाचा क्लच गेला काका, ॲडजस्ट करा." केलं.

पावणेनऊच्या सुमारास मणदूरच्या पुढं नाक्यावर पोचलो. व्याह्यांनी गळ्यात दुर्बीण अडकवलेली, जावयांच्या बहिणीनं मातकट रंगाची टोपी घातलेली. मी कागद घेऊन पुढं गेलो. तिथल्या वनकर्मचाऱ्यानं कागद बघितला, उलटा करून बघितला आणि म्हणाला, "साहेब, हा आमचा कागद न्हवं. अशा नावाचा गाईड बी आमच्याकडं न्हाई." चांगला माणूस होता. खुर्ची दिली, विहीणबाईंना पाणी दिलं. मी त्या पोराला फोन लावला. "गाईड निघालाय काका, पंधरा मिनिटं." पुन्हा पंधरा मिनिटं. साडेनऊनंतर फोन बंद.

मग ड्रायव्हरकडं वळलो, तर तो माझ्यापेक्षा बावचळलेला. "मला जंगलाचं काय सांगितलंच न्हाई. कोल्हापूर-पुणे, वाटेत एक थांबा, एवढंच. डिझेलला हजार दिलेत, भाडं ८,५०० पार्टीकडनं घे म्हणालाय." त्याच्या मोबाईलवरचा मेसेज दाखवला. खरंच तसा होता. म्हणजे मी १८,२०० भरलेले आणि ड्रायव्हरच्या लेखी माझ्याकडून एक रुपया आलेला नाही. आणि तो म्हणाला, पैसे मिळाल्याशिवाय गाडी पुढं काढणार नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याचंही पोट आहे.

तिकीट काढून जंगलात जायचं का, हेही विचारलं. पण ड्रायव्हर गाडी आत घालायला तयार नाही, दुसरी गाडी ठरवून आत जाऊन यायचं तर विमान चुकणार. व्याही काही बोलले नाहीत. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढली, काचांवर टोपणं बसवली, दोरी नीट गुंडाळून पिशवीत घातली आणि चेन ओढली. सावकाश, जणू काही घाईच नाही. तो चेनचा आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणाले, "तुम्ही मनावर घेऊ नका. पुढच्या वेळी येऊ." मी खिशातले ८,५०० मोजले. जावई पुढं झाले होते, त्यांना हात धरून थांबवलं.

सव्वादहाला निघालो. सहापदरीकरणाच्या कामानं हायवे जागोजागी वळवलेला, प्रत्येक वळणावर घड्याळाकडं लक्ष. विमानतळावर पाचला दहा कमी असताना उतरलो. विमान मिळालं, एवढं नशीब.

सोमवारी पोलीस ठाण्यात गेलो. खरं तर शनिवारीच, नाक्यावर उभा असतानाच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला हवा होता. कुणालाही असं झालं तर आधी तो फोन करा, नंतर बाकी सगळं. पैसे खात्यातून पुढं सरकायच्या आत अडवले तरच अडतात. मी रविवारी संध्याकाळी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं. पण कागदपत्रं सगळी होती. स्क्रीनशॉट, कागद, ड्रायव्हरचा मेसेज, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढून नेल्या.

पहिल्या दिवशी दोन तास बाकावर. साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. त्यांचं पहिलं वाक्य असं : "गाडी आली होती ना?" आली होती. "पुण्याला पोचलात ना?" पोचलो. "मग फसवणूक कसली? सेवा कमी पडली म्हणा. ग्राहक मंचात जावा."

इथं लक्षात घ्या की हा सापळाच तसा लावलेला आहे. गाडी आलीच नसती तर सरळ फसवणूक ठरली असती. गाडी येते, तुम्हाला पोचवते, आणि मधलं जंगल तेवढं गायब होतं. त्यामुळं पोलिसाला तो व्यवहारातला वाद वाटतो. ज्यानं गाडी दिली त्याचा जंगलाशी संबंध नाही आणि जंगलवाल्यांना गाडीचं काही माहीत नाही. दोन्हींच्या मध्ये तुमचे पैसे. गाडी वेगळी ठरवा. जंगलाचं तिकीट वेगळं, वनखात्याकडून, स्वतः काढा. एकत्र करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा.

मी हे साहेबांना समजावून सांगितलं. मग दुसरं निघालं. "नाका सांगली जिल्ह्यात. तिकडं तक्रार द्या." मी म्हटलं, पैसे कोल्हापुरातून, माझ्या घरातून गेले. "तरी घटना तिकडं घडली." माझा मावसभाऊ वकील आहे. त्यानं सांगितलं की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, आणि फसवणुकीला न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तिसऱ्या खेपेला मी ते लिहूनच नेलं. तर हवालदार म्हणाले, "काका, शिकलेली माणसं तुम्ही. तुम्ही स्वतःच पैसे पाठवले की!" चार माणसांत. तक्रारदार मी, आणि उलटतपासणीही माझीच. शंभर रुपयांच्या पाकीटमारीत 'पाकीट खिशात का ठेवलं' असं विचारतात का? पाचव्या खेपेला अर्जाची पोच मिळाली. एफआयआर नाही, फक्त अर्ज. त्यावर शिक्का मारायलाही शाई आहे का ते शोधत बसले.

बँकेत तर त्याहून. "तुमच्या पिननं व्यवहार झालाय, आम्ही काही करू शकत नाही." खातं कुणाचं ते सांगता येत नाही, गोपनीय आहे. माझे पैसे गेले, ते कुणाकडं गेले हे मला कळू नये, ही कसली गोपनीयता? कुणाचं संरक्षण करताय तुम्ही?

ग्राहक आयोगाचंही बघितलं. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, एवढ्या रकमेला फीसुद्धा नाही. पण नोटीस काढायची कुणाच्या नावानं? माझ्याकडं आहे एक मोबाईल नंबर आणि एका मोबाईल शॉपीचं नाव. म्हणून पहिला पैसा देण्याआधी समोरच्याचं पूर्ण नाव, पत्ता, बिल मागा. देत नसेल तर थांबा. ड्रायव्हरशी आदल्या दिवशी स्वतः बोला आणि त्याला कुठं-कुठं जायचं सांगितलंय ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. हा एक प्रश्न मी विचारला असता तर शुक्रवारीच सगळं उघडं पडलं असतं. परमिटवर तुमची नावं नसतील तर ते परमिट नव्हे. आणि पाहुण्यांपैकी कुणी शंका काढली तर मान खाली गेली तरी चालेल, त्याच क्षणी खात्री करा.

परवा माझ्या पुतण्यानं त्याच्या फोनवरून त्याच जाहिरातीतल्या नंबरावर मेसेज टाकला. नंबर चालू आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं. कोल्हापूर ते पुणे, वाटेत चांदोली सफारी, पाच माणसं, २३,००० रुपये. टोकन ५,०००. पुतण्यानं विचारलं, आधार कार्ड पाठवू का सगळ्यांची?

"गरज नाही दादा. ते आम्ही बघतो."