शी-हल्क: सुपरहिरोईण ठीकठाक, वकीलबाई मात्र एकदम ओळखीची

मी पुण्यात दिवाणी बाजूची प्रॅक्टिस करते, सहावं वर्ष चालूय, त्यामुळे मार्व्हलची सिरीज 'शी-हल्क: अ‍ॅटर्नी अ‍ॅट लॉ' २०२२ ला आली तेव्हापासून जो तो मला सांगत होता की बघच, तुझ्यावरच काढलीय. आता मी काय हिरवी आहे का. शेवटी यंदा कोर्टाला मेची सुट्टी लागली तेव्हा आईला घेऊन बसले आणि नऊच्या नऊ भाग दोन रात्रीत उडवले. भाग साधारण अर्ध्या तासाचे आहेत आणि शेवटची नामावली पळवू नका, कोर्टात बसून स्केच काढतात ना तशा चित्रांत केलीय, मस्त आहे.

गोष्ट अशी की जेनिफर वॉल्टर्स लॉस एंजेलिसला सरकारी वकील, हल्क, म्हणजे राग आला की हिरवा राक्षस होणारा ब्रूस बॅनर, तिचा भाऊ. भाऊ म्हणजे कोणता, हा आईचा पहिल्या पाच मिनिटांतला प्रश्न. तर इंग्रजीत नुसतं कझिन, पण कॉमिक्सप्रमाणे जेनची आई माहेरची बॅनर, म्हणजे ब्रूस मामेभाऊ झाला. गाडीचा अ‍ॅक्सिडेंट होतो, त्याचं रक्त हिच्या जखमेत जातं आणि ही पण हिरवी. १९८० च्या मूळ कॉमिकमध्ये गुंड तिला गोळी घालतात आणि तो रक्त देतो, मला ते जास्त पटलं असतं, पण असो.

आता पहिल्या भागातला तो सीन. ब्रूस तिला शिकवायला बसतो की राग कसा आवरायचा, त्याला स्वतःला म्हणे पंधरा वर्षं लागली. ती म्हणते मला राग आवरायला शिकवू नकोस, मी तो रोजच आवरते, रस्त्यात कोणी काही बोललं तेव्हा, आणि माझ्याच विषयातलं मलाच कोणी ठोंब्या समजावून सांगतो तेव्हा. इथे मी पॉज केलं. कारण सुट्टीच्या आधीच्याच आठवड्यात एका पक्षकाराचे काका माझ्यासमोर बसून, मीच ड्राफ्ट केलेली कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) हातात धरून विचारत होते, "मॅडम, मोठे वकीलसाहेब कधी येणार?" मी हसून पाणी विचारलं. बाहेर एप्रिलचं ऊन, अंगात काळा कोट, गळ्याला बँड, आणि मी पाणी विचारतेय. जेन झालेली टाटियाना मास्लानी हे बोलते तेव्हा ओरडत नाही, थकलेल्या आवाजात बोलते, म्हणूनच ते लागतं.

दुसरी खरी गोष्ट नोकरीची. भर कोर्टात टायटानिया नावाची बया भिंत फोडून घुसते, जेन हिरवी होऊन ज्युरीला वाचवते, आणि मग समोरची पार्टी म्हणते की आता ज्युरी हिच्या उपकाराखाली आहे, खटला रद्द करा. होतो रद्द! जीव वाचवला म्हणून नोकरी गेली. मग तीच समोरची मोठी फर्म तिला घेते, पण अट काय तर ऑफिसात आणि कोर्टात हिरवीच यायचं. डिग्री, अनुभव, रात्र रात्र वाचलेले ब्रीफ गेले खड्ड्यात, बोर्डवर दिसायला शी-हल्क पाहिजे. गुंडांशी मारामारी हा तिचा त्रासच नाहीये, ती तर ती दोन मिनिटांत उरकते, खरी ओढाताण ही आहे की जेन म्हणून तिला कोणी बोलवतच नाही. डेटिंग अ‍ॅपवर पण तेच.

बाय द वे त्या फर्मचं नाव गुडमन, लीबर, कर्ट्झबर्ग अँड हॉलिवे. लीबर हे मार्व्हलचे लेखक स्टॅन ली यांचं मूळ आडनाव, कर्ट्झबर्ग चित्रकार जॅक कर्बींचं, गुडमन हे मार्व्हलचे जुने प्रकाशक. असलं सापडलं की मला फार बरं वाटतं.

केसेसमध्ये ट्रेडमार्कवाली बेस्ट. टायटानिया 'शी-हल्क' नावच रजिस्टर करून क्रीम वगैरे विकायला लागते आणि जेनवर दावा ठोकते. जेनचा बचाव काय, तर हे नाव मी आधीपासून वापरते, आणि पुरावा म्हणून स्वतःचं डेटिंग प्रोफाइल आणि ते सगळे भयंकर डेटवाले कोर्टात. बिचारी मान खाली घालून बसते. पण मुद्दा पक्का आहे हां, आपल्याकडेही ट्रेडमार्क अ‍ॅक्ट १९९९ च्या कलम ३४ मध्ये आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण आहेच.

आता तक्रार. कोर्ट फारच कमी. जे आहे ते दहा मिनिटांत निकाल, ना तारीख, ना पुरशीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन), ना बार रूममधला चहा. आई चौथ्या भागाला म्हणाली, "अगं, ही कोर्टात जाते कधी?" आठव्या भागात मॅट मर्डॉक म्हणजे डेअरडेव्हिल, मार्व्हलचाच आंधळा वकील-सुपरहिरो, येतो, दिवसा समोरून युक्तिवाद आणि रात्री पार्किंगमध्ये हाणामारी, तेव्हा कुठे वाटलं की अरे हीच सिरीज पाहिजे होती, आणि लगेच संपते. ग्राफिक्सही कच्चं, हिरवा चेहरा कधीकधी वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

त्यावर त्यांनीच जोक मारलाय म्हणा. शेवटच्या भागात जेन, आपण सिरीज ज्यावर बघतो त्या अ‍ॅपच्या मेन्यूतून बाहेर येऊन थेट लेखकांच्या खोलीत जाते आणि केविन नावाच्या मशीनसमोर आपल्याच गोष्टीच्या शेवटाविरुद्ध युक्तिवाद करते, तर ते म्हणतं आधी साधी जेन हो, हिरवी महाग पडतेस! अर्ध्या लोकांना हा शेवट आवडला नाही. मला विचाराल तर अख्ख्या सिरीजमधला तिचा सगळ्यात चांगला युक्तिवाद तोच.

पाचपैकी साडेतीन. दुसरा सीझन अजून आलेला नाही, आई अधूनमधून विचारते.