युद्धपूर्व मोटार विकायची असेल तर ऑनलाइन जाहिरात कुठे द्यावी?

दुसऱ्या महायुद्धापूर्वीची मोटार विकायला काढणाऱ्याची पहिली धाव बहुधा सर्वांत मोठ्या बाजाराकडे असते. रोजच्या वापरातली गाडी विकताना जितके जास्त लोक जाहिरात पाहतील तितके बरे, हा हिशेब बरोबरच आहे. परंतु १९१२ ची पितळी दिव्यांची मोटार लाखभर लोकांनी पाहिली आणि त्यांतल्या एकालाही मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र) म्हणजे काय हे ठाऊक नसले, तर विक्रेत्याच्या पदरी ‘अजून आहे का?’ एवढेच विचारणारे निरोप पडतात. म्हणून या आढाव्यात प्रत्येक ठिकाणाला एकच प्रश्न विचारला आहे: या विशिष्ट गाडीला ओळखणारा आणि तिच्यासाठी पैसे मोजू शकणारा माणूस तिथे येतो का?

युरोपात ‘युद्धपूर्व’ची मर्यादा साधारण १९३९-४० पर्यंत धरतात. अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये थांबले, त्यामुळे तिथे ती थोडी पुढे सरकते. या काळातल्या सगळ्या गाड्यांना एकच जागा सुचवणे शक्य नाही, कारण त्यांचे खरेदीदार एकमेकांना ओळखतही नाहीत. तुलनेला आधार म्हणून तीन गाड्या समोर ठेवू: अमेरिकेतली फोर्ड मॉडेल ए, इंग्लंडमधली रोल्स-रॉइस २०/२५ आणि १९०४ ची एक सिलिंडरची फ्रेंच गाडी द दियाँ-बुताँ.

सर्वांसाठी खुले बाजार

फोर्डने मॉडेल ए १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत बनवली आणि तिचा आकडा ४८ लाखांच्या आसपास गेला. आजही तिचे बहुतेक सुटे भाग नवे बनवून मिळतात, तिची दुरुस्ती जाणणारी माणसे अमेरिकेच्या जवळजवळ प्रत्येक भागात सापडतात आणि तिची किंमत मध्यमवर्गीय छांदिष्टाच्या आवाक्यात राहते. अशा गाडीला फेसबुक मार्केटप्लेस किंवा क्रेग्जलिस्ट (छोट्या जाहिरातींचे अमेरिकी संकेतस्थळ) ही स्थानिक ठिकाणे चांगली मानवतात. ही गाडी ताशी ७० किलोमीटरच्या पुढे फारशी सुखाने धावत नाही, त्यामुळे लांबचा खरेदीदार ती ट्रेलरवरूनच नेणार आणि गाडीच्या किमतीच्या मानाने वाहतुकीचा खर्च अंगावर येणार. दोन तासांच्या अंतरावरचा माणूस येऊन इंजिन सुरू झालेले पाहतो, ब्रेक दाबून बघतो आणि सौदा तिथेच मिटतो.

या दोहोंत निवड करायची झाल्यास क्रेग्जलिस्टकडे कौल द्यावासा वाटतो. अमेरिकेत २०१९ पासून तिथे मालकाने स्वतःच्या गाडीची जाहिरात देण्यासाठी ५ डॉलर शुल्क आहे आणि एवढ्याशा रकमेनेही सहज गंमत म्हणून जाहिरात टाकणारे थोडे आवरतात. फेसबुकवर माणसे अधिक आहेत, पण जाहिरात कोणाला दिसावी हे तिथली यंत्रणा ठरवते. शिवाय मेसेजमध्ये चाललेली घासाघीस विक्रेत्याचा बराच वेळ खाते. मार्केटप्लेसपेक्षा एकाच मॉडेलला वाहिलेले फेसबुक ग्रुप अधिक उपयोगी ठरतात, कारण तिथे प्रश्न विचारणाऱ्याला निदान गाडीची ओळख असते.

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. बोली जिंकून नंतर पैसे न देणारे लोक तिथे गाड्यांच्या बाबतीत विशेष त्रासदायक ठरतात, आणि तोपर्यंत खरा गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेला असतो. मात्र गाडीबरोबर कपाटभर कार्बोरेटर, दिवे आणि डायनॅमो जमलेले असतील, तर ते सुटे विकायला ईबेइतकी चांगली जागा नाही.

हेमिंग्ज आणि प्रीवॉरकार

खरी तुलना सुरू होते ती इथे. अर्नेस्ट हेमिंग्ज यांनी १९५४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी गावात ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे मासिक सुरू केले. पुढे ते व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला गेले आणि अमेरिकी जुन्या मोटारींच्या जाहिरातींचा मुख्य ठेवा बनले. त्याचे संकेतस्थळ आज मोठे आहे, पण त्याची ताकद वाचकांच्या जुन्या सवयीत आहे. युद्धपूर्व गाड्यांचे अनेक खरेदीदार साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत आणि समाजमाध्यमांवर न फिरकणारा, पण हेमिंग्ज वर्षानुवर्षे चाळणारा वाचक त्यांच्यात भरपूर सापडतो. तिथे मॉडेल एपासून उंची पॅकार्डपर्यंत सगळे खपते. अडचण एवढीच की १९६०-७० च्या दशकांतल्या दमदार अमेरिकी गाड्यांची तिथे इतकी गर्दी असते की १९२६ ची एखादी शांत सेडान यादीत हरवून जाते. छायाचित्रे साधारण असतील तर ती उघडलीच जात नाही.

नेदरलँड्समधून चालणारे प्रीवॉरकार हे संकेतस्थळ याच्या अगदी उलट टोकाला आहे. नाव सांगते त्याप्रमाणे तिथे युद्धपूर्व गाड्यांचाच कारभार आहे. जाहिरातींबरोबर रोज काहीतरी वाचायला मिळते आणि अनोळखी गाडीचे छायाचित्र देऊन ‘ही कोणती?’ असे विचारणारी कोडीही असतात. त्यामुळे विकत घ्यायचे मनात नसतानाही लोक तिथे येत राहतात. जाहिरातींच्या ठिकाणासाठी ही मोठी जमेची बाजू आहे, कारण दुर्मीळ गाडीचा खरेदीदार बहुधा ती शोधत नसतो. ती अचानक समोर आल्यावर त्याला आपल्याला ती हवी असल्याचे कळते. बेल्जियम, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका अशा सगळ्या देशांतले विक्रेते एकाच यादीत दिसतात, व्यापारी मोठ्या संख्येने असतात आणि त्यामुळे खासगी विक्रेत्याच्या किमतीची तुलना लगेच होते.

रोल्स-रॉइस २०/२५ साठी मी डोळे झाकून हेच ठिकाण सुचवीन. १९२९ ते १९३६ या काळात कंपनीने सुमारे ३,८०० चासी (इंजिनासह गाडीचा सांगाडा) विकल्या. बॉडी मात्र हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबरली अशा कारागिरांकडून ग्राहक स्वतंत्रपणे करून घेत असे. परिणामी एकाच वर्षीच्या दोन २०/२५ गाड्यांच्या किमतींत मोठे अंतर पडते आणि त्या अंतराचे कारण बॉडी हेच असते. अनेक बंद सलून गाड्यांची मूळ बॉडी नंतर काढून त्यांवर उघडी टूरर बॉडी चढवली गेली. जाणकाराच्या दृष्टीने तो बदल किंमत खाली आणणारा आहे, आणि तो जाहिरातीत लपवला तर प्रीवॉरकारचा वाचक दोन छायाचित्रांत तो ओळखतो. खुल्या बाजारात हे कोणी विचारणार नाही, पण तिथे मूळ हूपर बॉडीचे जास्तीचे पैसेही कोणी देणार नाही.

या गाडीची जाहिरात देण्यापूर्वी एक काम करून घ्यावे. इंग्लंडमधील रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबच्या नॉर्दम्प्टनशायरमधल्या हंट हाउस येथील संग्रहात मूळ चासीच्या नोंदी जपल्या आहेत आणि पहिल्या मालकाचे नाव, बॉडी करणारा कारागीर असे तपशील त्यांत मिळतात. ‘महाराजांची गाडी’ हे शब्द परदेशी जाहिरातींत इतक्या सढळ हाताने वापरले जातात की कागदाशिवाय त्यांचा उल्लेख करणाऱ्या विक्रेत्याकडे आता संशयानेच पाहिले जाते. नोंदीची प्रत छायाचित्रांबरोबर लावली तर त्याच शब्दांना किंमत येते.

क्लबचे जाहिरातपान

क्लबच्या पानावर माणसे सर्वांत कमी असतात आणि नेमकी असतात. १९३५ मध्ये स्थापन झालेला अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका सर्व प्रकारच्या जुन्या गाड्यांना जागा देतो. १९३७ चा हॉर्सलेस कॅरेज क्लब फक्त १९१५ पर्यंतच्या गाड्यांचा आहे. क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका १९१५ ते १९४८ मधल्या निवडक उंची गाड्यांनाच ‘फुल क्लासिक’ मानतो. यादीत नसलेल्या गाडीला जाहिरातीत हा शब्द जोडला तर त्या वर्तुळात विक्रेत्याची पत तिथेच जाते. इंग्लंडमध्ये १९३४ चा व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब आणि १९३० चा व्हेटरन कार क्लब ही दोन मोठी घरे आहेत.

द दियाँ-बुताँची जागा या शेवटच्या क्लबात आहे. लंडन ते ब्रायटन या जुन्या गाड्यांच्या नोव्हेंबरमधल्या धावेत १ जानेवारी १९०५ पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश मिळतो. त्यामुळे १९०४ च्या गाडीत आणि तिच्याच जोडीच्या १९०५ च्या गाडीत यांत्रिक फरक नसला तरी बाजारभावात मोठी तफावत पडते. म्हणून खरेदीदाराचा पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, क्लबच्या वर्षनिश्चितीच्या दाखल्याचा असतो. हा दाखला हाती असेल तर क्लबच्या पानावरची चार ओळींची जाहिरात पुरते. नसेल तर आधी तो मिळवण्यात काही महिने घालवणे फायद्याचे. जाहिरात उन्हाळ्याच्या अखेरीस द्यावी, म्हणजे धावेत उतरू इच्छिणाऱ्याला गाडी पाहायला आणि तयार करायला अवधी मिळतो. हाच विचार अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी येथे भरणाऱ्या जुन्या मोटारींच्या मेळाव्याला लागू आहे: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाहिरात देऊन ‘गाडी हर्शीला पाहायला मिळेल’ एवढे लिहिले की दूरच्या माणसाची अर्धी शंका फिटते.

क्लबच्या जाहिरातीचा तोटा म्हणजे संथपणा. अनेक ठिकाणी सभासदत्व लागते आणि मासिकाचा अंक निघेपर्यंत थांबावे लागते. घर रिकामे करायचे आहे आणि गाडी महिन्याभरात हलवायची आहे, अशा वारसाने एकट्या क्लबवर विसंबू नये.

लिलाव

ब्रिंग अ ट्रेलर हे अमेरिकी संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झाले, २०१४ पासून तिथे लिलाव होऊ लागले आणि २०२० मध्ये हर्स्ट कंपनीने ते घेतले. विक्रेता ठरावीक छोटे शुल्क भरतो, टक्केवारी खरेदीदाराकडून घेतली जाते आणि तिलाही कमाल मर्यादा आहे. बोली साधारण आठवडाभर चालते. शेवटच्या क्षणी बोली आली तर वेळ वाढते. सर्वांत महत्त्वाचे, विकलेल्या गाड्यांच्या किमती तिथे कायम पाहता येतात. आपली गाडी तिथे विकायची नसली तरी किंमत ठरवण्यापूर्वी त्या नोंदी जरूर चाळाव्यात.

पण तिथे उघड्यावर परीक्षा होते. १९२८-२९ च्या मॉडेल एची चाके २१ इंची आणि १९३०-३१ ची १९ इंची असतात. १९२९ च्या गाडीवर १९ इंची चाके दिसली की कोणी ना कोणी ते प्रतिक्रियांत लिहिणारच, आणि विक्रेत्याने दिवसभरात उत्तर दिले नाही तर बोली थंडावते. संगणकापुढे आठवडाभर बसण्याची तयारी नसलेल्याने या वाटेला जाऊ नये. शिवाय तिथला मुख्य प्रेक्षक युद्धोत्तर गाड्यांचा आहे. मॉडेल एसारखी ओळखीची गाडी तिथे नीट विकली जाते, कारण तिच्यावर बोली लावणारे दोघे सहज भेटतात. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या फ्रेंच कंपनीच्या गाडीला मात्र एकच खरा गिऱ्हाईक असतो आणि एकट्याने लिलाव वर जात नाही. तशी गाडी ठरलेली किंमत लिहून प्रीवॉरकारवर ठेवावी आणि वाट पाहावी.

बोनहॅम्स किंवा आरएम सदबीज यांसारख्या लिलावगृहांचा विचार मोठ्या किमतीच्या गाड्यांपुरताच करावा. खरेदीदाराच्या माथी तिथे दहा ते पंधरा टक्क्यांचा अधिभार बसतो, विक्रेत्याच्या वाट्याला कमिशन आणि वाहतूक येते, आणि राखीव (विक्रेत्याने ठरवलेली किमान) किंमत गाठली नाही तर ‘न विकलेली’ हा शिक्का इंटरनेटवर कायम राहतो. खासगी जाहिरातीला हा धोका नाही.

सर्व ठिकाणी एक गोष्ट समान लागते: क्रमांकांची स्पष्ट छायाचित्रे. फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल एच्या बाबतीत इंजिनावरचा क्रमांक हीच गाडीची ओळख असते आणि अमेरिकेतल्या मालकीपत्रावर तोच असतो. मधल्या काळात इंजिन बदलले असेल तर कागद आणि लोखंड जुळत नाही, आणि ही विसंगती जाहिरातीतच सांगितलेली बरी. मॅग्नेटोची ठिणगी जोरदार आहे का, इंजिनाचे बेअरिंग जुन्या पद्धतीचे, ओतीव व्हाइट मेटलचे (मऊ मिश्रधातूचे) आहे की नवे बदललेले, चाकांच्या लाकडी आऱ्या ढिल्या आहेत का, बॉडीच्या लाकडी सांगाड्याला कीड आहे का, हे आपणहून लिहिणाऱ्याला फोन कमी येतात आणि कामाचे येतात. किंमत मात्र लिहावीच. ‘विचारा’ असे लिहिले की व्यापारीच विचारतात.

गाडी भारतात असेल तर

मुंबई, पुणे किंवा कोल्हापुरातल्या वाड्यात उभी असलेली १९३० च्या दशकातली गाडी प्रीवॉरकारवर टाकण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. अशा जुन्या मोटारींच्या निर्यातीवर सरकारी निर्बंध आहेत, आणि परदेशातून आलेल्या चौकशांचा शेवट बहुधा याच मुद्द्यावर होतो. खरेदीदार देशातच शोधायचा असल्याने मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांचे वर्तुळ आणि संग्राहकांचे फेसबुक व व्हॉट्सॲप ग्रुप हेच कामाचे. ओएलएक्सवर गाडी टाकली तर लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायला ती हवी असलेले लोक आधी येतात.

त्यांना नियम सांगणे आवश्यक आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनाला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये लागतात, मुदत दहा वर्षांची असते, आणि अशी गाडी व्यावसायिक कामासाठी किंवा रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. विक्री झाल्यावर दोन्ही पक्षांनी ९० दिवसांत परिवहन खात्याला कळवायचे असते. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर जाहिरातीआधी ती वारसाच्या नावावर करून घ्यावी. तोपर्यंत क्लबमधला जाणकार गिऱ्हाईक विसार द्यायलाही तयार होत नाही.