११ टनी सांगून ७.४९ टनी गाडी गळ्यात मारली, नागपूरकरांनो टोकन द्यायच्या आधी वाचा

मालाची जुनी गाडी घ्यायला गेलो नि ७ लाख ३५ हजार रुपये गेले भाऊ. ३५ हजार टोकन, ५ लाख ५० हजार आरटीजीएस, आणि १ लाख ५० हजार बायकोचं सोनं गहाण ठेवून रोख. रोखीची पावती द्यायला दलाल टाळाटाळ करून राहिला होता. रोख देऊच नका, सोयरा असला तरी.

मला कळमन्यातून डाळीचे कट्टे चंद्रपूर लाइनला टाकायचे होते, खेपेला साडेपाच-सहा टन, म्हणजे ११-१२ टन एकूण वजनाची (गाडी अधिक माल) गाडी लागते, हे त्या वाडीच्या दलालाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. त्यानं १७ फुटी बॉडीची गाडी दाखवली, म्हणे "६ टन पासिंग आहे भाऊ, बिनधास्त भरा", म्हणजे ६ टन माल कायद्यानं भरता येते. आता ७.४९ टनीला सहा चाकं, ११ टनीला सहा, साडेअठरा टनीलाही सहाच, कॅबिन सारखी दिसते आणि बॉडी तर कोणीही लांब करून घेते, मग नुसतं पाहून नवा माणूस कसा ओळखणार? व्हॉट्सॲपवर आरसीची (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची) झेरॉक्स पाठवली त्यात एकूण वजन ११,२५० होतं. ओरिजिनल म्हणे बँकेत, एनओसी यायची आहे. ओरिजिनल आरसी हातात येत नाही तोवर एक रुपया सोडू नका.

पण इन्शुरन्सचा कागद माझ्या हातात होता हो, तेच डोक्यातून जात नाही. थर्ड पार्टी प्रीमियम १६,०४९. २०२२ पासून हा रेट ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीचा आहे, त्याच्यावर १२ टनापर्यंत २७,१८६ लागतात. ठसठशीत छापलेलं होतं. आणि मी विचारलंही, एवढा कमी काऊन? तर म्हणे "एनसीबी लागला नं", म्हणजे नो क्लेम बोनसची सूट. एनसीबी थर्ड पार्टीवर मिळतच नाही, फक्त ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर मिळते! हे मला तेव्हा कोण सांगणार होतं, मी किराणा लाइनचा माणूस, आणि तो इतक्या सहज बोलला की शंका घ्यायचीच लाज वाटली.

बुटीबोरीच्या पुढे आरटीओच्या फ्लाइंग स्क्वॉडनं गाडी काट्यावर घेतली. ५० किलोचे १११ कट्टे धरून वजन भरलं ९,४९०, आणि ऑनलाइन नोंदीत गाडीची लिमिट ७,४९०. लांब केलेल्या लोखंडी बॉडीनं रिकामं वजनच ३,९४० झालेलं, म्हणजे कायद्यानं ३,५५० किलोच भरता येते, ६ टन कुठून येणार! मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार आणि जादा टनाला २ हजार, असं २४ हजारांचं चलान, वरून माल उतरवायला दुसरी गाडी बोलावली तिचे ४,५००. रिकामी गाडी आधी काट्यावर चढवा, एकूण वजनातून ते वजा करा, उरते तेच तुमचं पासिंग, दलालाच्या तोंडचं नाही.

मग सुरू झाली चक्करबाजी. ठाण्यातले साहेब म्हणे हा दिवाणी मामला, कोर्टात जा. दुसऱ्या ठाण्यात म्हणे टोकन आमच्या हद्दीत दिलं नाही. अहो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार लिहून घ्यावीच लागते, आणि फसवणूक बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३१८(४) मध्ये दखलपात्र आहे, हे मी त्यांना वाचून दाखवलं तर म्हणे "वकील झालास का बे". आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, "गाडी तुम्ही पाहून घेतली, आम्ही काय करणार". खोटी आरसी फिरून राहिली त्याचं कोणालाच काही नाही, झेरॉक्स पाहायलाही कोणी हात पुढे केला नाही. चलान फाडायला मात्र सगळे रस्त्यावर हजर. माझ्यासारखा माणूस मग जाईल कुठे?

कलम १७३(४) प्रमाणे वरच्या अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टनं लेखी तक्रार पाठवली आहे, पोच जपून ठेवली. तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज टाकणार. वाडी किंवा कापसीकडे कोणी १७ फुटी पाहून राहिलं असेल तर सरकारच्या 'वाहन' पोर्टलच्या नोंदीत आधी एलजीव्ही (हलकी मालगाडी) आहे की एमजीव्ही (मध्यम मालगाडी) ते पाहा. एलजीव्ही म्हणजे एकूण वजन ७,५०० किलोच्या आत, मग तो काहीही सांगो. आणि याच पद्धतीनं कोणी फसलं असेल तर आरटीजीएसचा पुरावा नि व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, सगळे मिळून अर्ज देऊ.