पैठणच्या वाड्याखालची पाहणी: पैसे वसूल, पण अहवाल मराठीत मागून घ्या

गावठाणातलं जुनं घर पाडून नवीन बांधायचं असेल, आणि ते गावठाण पैठणचं, तेरचं नाहीतर संभाजीनगरच्या जुन्या कोटाच्या आतलं असेल, तर पायाचा नारळ फोडायच्या आधी जागेची पुरातत्त्वीय पाहणी करून घ्या. आम्ही करून घेतली. पाचातले चार तारे देते. पाचवा का नाही ते सांगतेच.

काम करणारे दोघंच आहेत. सर पूर्वी कॉलेजात हाच विषय शिकवायचे, आता निवृत्त. आणि त्यांची एक विद्यार्थिनी, जी मोजमाप, नकाशे, फोटो सगळं बघते. नाव टाकत नाही, कारण त्यांनीच हात जोडून नको म्हणून सांगितलंय. मागं कुणीतरी त्यांचा नंबर फिरवला आणि महिनाभर गुप्तधनाचे फोन येत राहिले. आमच्या गल्लीतही वेगळं काही झालं नाही. अंगणात टेप धरलेला दिसला की समोरचे काका ओट्यावरून विचारणार, "काय शोधायलेत हो? हंडा लागला का?" एकानं तर ओळखीत पायाळू माणूस आहे (पायांकडून जन्मलेल्याला गुप्तधन दिसतं म्हणतात), बोलवू का, म्हणून निरोप धाडला. सर चिडले नाहीत. विचारणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे सांगायचे की हंडा सापडला तर तो 1878 च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावा लागतो, दहा रुपयांच्या वरचा ऐवज असला तरी. दहा रुपये ऐकून लोक गप्प व्हायचे.

आमचा वाडा म्हणजे खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती आणि माळवद. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. मग ठरलं की सगळंच उतरवायचं, समोर आमचं मेडिकल आणि अजून दोन गाळे, वर दोन मजले, खाली तळघरात गोडाऊन. भाऊजींनी जेसीबीवाला पक्का करूनही टाकला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: "कायद्यानं लागत नाही तर कामून पैसे मातीत घालायलेत?"

कायद्याचं त्यांचं खरंच होतं. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच, हा 2010 च्या दुरुस्तीचा नियम. सरांनी सगळ्यात आधी तेच अंतर मोजलं आणि आमचा वाडा त्या हद्दीबाहेर आहे असं पहिल्याच पानावर लिहून दिलं. बांधकाम परवान्याच्या फायलीतही हा अहवाल कोणी मागितला नाही. तेव्हा ही एनओसी आहे असं समजून कोणी घेऊ नका, फसाल. इंग्लंडात 1990 पासून नियोजनाच्या धोरणातच हे बसवलंय. त्याच्या आदल्या वर्षी लंडनमध्ये एका इमारतीच्या पायात शेक्सपिअरच्या काळातलं रोझ नाट्यगृह निघालं आणि एवढा गदारोळ झाला की परवानगी द्यायच्या आधीच जागेखाली काय असू शकतं ते तपासा, असं ठरलं. आपल्याकडे आपल्या जागेवर ते आपल्यालाच ठरवावं लागतं. फी 45 हजार, निम्मी आधी.

पहिला टप्पा कागदांचा. सिटी सर्व्हेचा नकाशा, मालमत्ता पत्रक, आणि आमच्या पेटीतले निजामाच्या वेळचे कागद. मोडी सरांना स्वतःला येते, उर्दूसाठी त्यांनी एक मौलवीसाहेब गाठले. त्यात फसली 1341 ची, म्हणजे 1931-32 ची, भावाभावांतल्या वाटणीची यादी निघाली. यादीत खोल्या, दारं, आडाचं पाणी आणि "उत्तरेच्या भिंतीलगत पेव दोन" अशी नोंद. आमच्या घरात पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, होतं हे माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं.

दुसरा टप्पा सासूबाईंचा. त्यांना मी आत्या म्हणते. वय ऐंशीच्या पुढं, गुडघ्यांनी हैराण, पण घराचा कोपरान् कोपरा तोंडपाठ. सरांनी त्यांना खुर्ची देऊन अंगणाच्या मधोमध बसवलं आणि विचारत सुटले. आजी, आड कधी बुजवला? कशानं? धान्याचं बळद कुठल्या भिंतीत होतं? संडास आधी कुठं होता? सेप्टिक टँक खणताना काय निघालं? आत्या काठीनं दाखवायच्या आणि ती मुलगी तिथं चुन्याची फक्की टाकायची. दुष्काळाच्या साली पेवातली ज्वारी काढताना कोण आत उतरलं आणि गुदमरलं, तेही निघालं. दुपारपर्यंत अंगण चुन्याच्या गोलांनी भरून गेलं.

हे सगळं कशासाठी, ते मला नकाशा हातात आल्यावर कळलं. जिथं जिथं आधी खोल खणलं गेलंय, तिथं जुने थर आधीच गेलेत. पेव, आड, सेप्टिक टँक या सरांच्या भाषेत "खाल्लेल्या जागा". नकाशावर त्या हिरव्या. जिथं जोत्याखाली कोणी हात लावलेला नाही ती जागा लाल. पाण्याची टाकी, लिफ्टचा खड्डा, ड्रेनेजचे चेंबर, जे काही खोल न्यायचं ते हिरव्यात न्या. लालमध्ये शक्यतो वरवर राहा. एवढी सरळ गोष्ट. आमच्या सेप्टिक टँकवर खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

तिसरा टप्पा खड्ड्यांचा, आणि इथं त्यांचा हिशेबीपणा आवडला. पुरातत्त्वाचं उत्खनन परवान्याशिवाय करता येत नाही, ते आम्ही करणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण पायाची माती तपासायला इंजिनिअर खड्डे घेणारच होता. ते कुठं घ्यायचे हे दोघांनी मिळून ठरवलं, जेसीबीऐवजी गडी लावले, आणि खोदताना सर काठावर बसून. एकच खर्च, दोन कामं.

त्यातला पूर्वेकडचा खड्डा सांगते. उभी बाजू खुरप्यासारख्या छोट्या हत्यारानं तासून सपाट केली, वर फवाऱ्यानं पाणी मारलं, आणि मातीचे पट्टे एकदम वेगळे दिसायला लागले. वर फरशी आणि विटांचा चुरा, त्यात सिमेंटच्या गोणीचा प्लास्टिकचा तुकडा. खाली वीतभर राख, राखेत काचेच्या बांगड्यांचे हिरवे-काळे तुकडे. मग चुना कुटून केलेली जमीन, चांगली टणक. तिच्याखाली भुसभुशीत पांढरी माती, आणि तिच्यात खापरंच खापरं, काही आतून काळी बाहेरून तांबडी. छपराच्या कौलाचा दोन भोकं असलेला एक तुकडाही निघाला. सगळ्यात तळाशी, माझ्या डोक्याच्या वर खड्डा गेल्यावर, तीन विटा ओळीनं. मी स्वतः टेप लावला: लांबी 40 सेंटीमीटरच्या वर. आजची वीट 23 ची असते. प्रत्येक पट्ट्याला खिळा आणि चिठ्ठी, आणि ती मुलगी ग्राफ पेपरवर दगडन्‌दगड उतरवत होती.

मला वाटलं, झालं, सातवाहनांचा वाडा सापडला. सर म्हणाले, थांबा. वीट तेवढी जुनी असेल, पण भिंत तेवढी जुनी असेलच असं नाही. पैठणला शेकडो वर्षं लोक जुन्या विटा उकरून नव्या बांधकामात घालत आलेत. मग त्यांनी आमच्याच जोत्यात, मोरीपाशी, तसलीच एक वीट बसवलेली दाखवली. मी लग्न होऊन आल्यापासून त्या विटेवर बादली ठेवते. त्या तीन विटा मातीत बसवलेल्या आहेत, खाली अजून थर आहेत, म्हणून भिंत जागची असण्याची शक्यता "बरीच", असं अहवालात आलं. "नक्की" कुठंच नाही. भाऊजींना याचा राग आला; मला मात्र याच शब्दामुळे बाकीच्या अहवालावर विश्वास बसला.

खापरांची तुलना त्यांनी 1990 च्या दशकातल्या पैठणच्या उत्खननाशी केली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि ब्रिटिश अभ्यासकांनी मिळून केलेलं ते काम. त्यात विटांची जुनी देवळं निघाली होती. पैठण म्हणजे प्रतिष्ठान हे आपण शाळेपासून ऐकतो. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी टिपणात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, अशी नोंद आहे. पण आपल्या मोरीखाली ते असेल असं कोणाच्या मनात येतं? गावातलं सरकारी संग्रहालय बाळासाहेब पाटलांनी जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलं, तेरचं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या. दोघांचे उपकारच. तिथल्या मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी बघताना आता माझ्या डोक्यात एकच येतं: हे कितव्या थरात होतं, शेजारी काय होतं? वस्तू हाती राहते, हे उत्तर मात्र पाया खणणाऱ्याच्या टोपल्याबरोबर जातं.

आता पैसे वसूल कसे झाले ते. पांढरी म्हणजे माणसांनीच टाकलेला, शेकडो वर्षांचा भराव. राख, कचरा, पडक्या भिंती, मध्येच बुजलेलं पेव. आमच्या पहिल्या नकाशात वायव्येचे दोन कॉलम बरोबर पेवावर येत होते. इंजिनिअरनं तो हिरवा-लाल नकाशा आपल्या ड्रॉइंगवर ठेवला आणि तिथल्या तिथं कॉलम सरकवले. तळघर रद्द झालं, कारण ते पूर्णपणे लालमध्ये होतं आणि तसल्या मातीत शेजाऱ्याची भिंत धरून ठेवायचा खर्चही डोळे फिरवणारा होता. सुटे खोल पाये सोडून राफ्ट, म्हणजे सगळ्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा पाया, टाकायचं ठरलं. सळई वाढली, खोदाई कमी झाली. गोडाऊन पहिल्या मजल्यावर गेलं, त्याबद्दल नवरा अजून कुरकुरतो.

आता पाचव्या ताऱ्याचं. अहवाल नाथषष्ठीच्या आधी देतो म्हणाले, हातात पडला पाडव्यानंतर. तेवढे दिवस जेसीबीवाला डोकं खात होता. आणि आला तो जाडजूड, सगळा इंग्रजीत. आडाची आणि पेवाची माहिती दिली आत्यांनी, आणि आत्यांनाच तो वाचता येऊ नये? भांडून चार पानांचा मराठी सारांश करून घेतला. तो इतका चांगला उतरला की मूळ अहवाल कोणी उघडतच नाही. दुसरं म्हणजे पाया खोदताना लक्ष ठेवायला येण्याचे दिवसाचे पैसे वेगळे. ते चुकीचं नाही, पण आधी सांगायला हवं होतं. आणि बुजवलेला आड नकाशावर त्यांनी दाखवला त्याहून चांगला हातभर पूर्वेला निघाला. आत्या म्हणाल्या, "म्या काठी बरोबर दावली होती."

एक सावधगिरी. यांच्याकडे जाण्याआधी आम्ही एका सर्वेक्षण कंपनीकडेही दर विचारला होता. त्यांनी जमिनीवरून रडार फिरवून "खालचं सगळं दाखवतो" म्हणून यांच्या दुपटीचा आकडा सांगितला. सरांना विचारलं तर म्हणाले, रडार चांगलंच, पण ओल्या चिकणमातीत त्याची लहर लवकर मरते. आपल्याकडे उन्हाळ्यात, कोरड्या जागी, आणि काय शोधायचं ते माहीत असेल तरच उपयोग. तुमच्या अंगणात आत्ता नको. स्वतःचं बिल वाढवायची संधी सोडणारा सल्लागार मी तरी कमीच बघितलाय.

निघालेल्या वस्तूंची फोटोसह यादी करून त्यांनी आम्हाला सही करायला लावली आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं पत्रही तेच लिहून देतात, वेगळे पैसे न घेता. विटा आम्ही जागच्या जागी ठेवल्या, वर वाळूचा थर आणि जाड प्लास्टिक अंथरून खड्डा बुजवला.

बोलावणार असाल तर दिवाळीनंतर बोलवा, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून बाजू ढासळतात. बोलणी करतानाच चार गोष्टी कागदावर घ्या: अहवालाची तारीख, मराठी प्रत, पाया खोदतानाच्या हजेरीचा दर, आणि रंगीत नकाशा इंजिनिअरच्या ड्रॉइंगच्याच मापात. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांची दुपारची झोप सोडून वेळ ठरवा. आणि जेसीबीवाल्याला इसार त्यानंतरच द्या.