एनपीएम की पीएनपीएम: गावातल्या नेटवर कोणतं परवडतं?

दारव्हा-आर्णीकडच्या खेड्यात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वेबचं काम करायचं, तर पॅकेज मॅनेजर, म्हणजे तयार कोडची पॅकेजं उतरवून प्रोजेक्टला जोडणारं साधन, विचार करूनच निवडावा लागतो. लाइन गेली की टॉवरही मान टाकतो आणि अर्ध्यावर आलेलं इन्स्टॉल तिथंच अडकतं.

एनपीएम नोडसोबतच (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) येतं, ट्यूटोरियल बहुतेक त्यावरच असतात, नवशिक्याला तेच सोपं. डाउनलोड झालेली पॅकेजं तेही कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला जपून, ठेवतं, पण प्रत्येक प्रोजेक्टच्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये त्यांची वेगळी प्रत मांडतं. जुन्या लॅपटॉपची डिस्क बघता बघता भरते.

पीएनपीएम एकच साठा ठेवतं आणि प्रोजेक्टमध्ये हार्ड लिंक जोडतं, म्हणजे नवी प्रत न करता तीच फाइल वापरतं. साठा आणि प्रोजेक्ट एकाच ड्राइव्हवर हवेत, एवढं सांभाळा. मला सर्वांत आवडते ती त्याची ‘फेच’ कमांड. यवतमाळला चांगलं वायफाय मिळालं की ती चालवायची. लॉकफाइलमधलं (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) सगळं साठ्यात उतरतं. मग गावात ‘इन्स्टॉल’ला ‘ऑफलाइन’ पर्याय जोडला की नेट नसतानाही काम उभं राहतं. एनपीएमही भरलेल्या कॅशवरून ऑफलाइन चालतं, पण दोन्हीकडे एक पॅकेज जरी कमी असलं तरी एररच येते.

पॅकेजांना एकमेकांच्या हव्या असलेल्या आवृत्त्या जुळल्या नाहीत की येणारी ‘ईरिझॉल्व्ह’ एरर एनपीएम ७ पासून फार दिसते. ‘लेगसी पीअर डेप्स’ पर्याय लावून ती गप्प होते, आवृत्त्यांचं भांडण मात्र तसंच राहतं. पीएनपीएम बहुधा इशारा देऊन पुढे जातं. तो इशारा वाचा.

जुना, चालू प्रोजेक्ट असेल तर एनपीएम आणि त्याची ‘सीआय’ कमांड (लॉकफाइलप्रमाणेच इन्स्टॉल करणारी) पुरे. नवीन कामाला मी पीएनपीएमच घेईन.