तळघरातल्या कवितेसाठी एकच माइक घ्यायचा असेल तर : शुअर एसएम ५८

वाड्याचं तळघर, चाळीतला सामायिक हॉल, बंद पडलेल्या छापखान्याची रिकामी जागा. पुण्यामुंबईत कविता, संगीत आणि भिंतीवरची हलती चित्रं एकत्र आणणाऱ्या छोट्या रात्री अशाच ठिकाणी रंगतात. चाळीस-पन्नास माणसं, खाली सतरंजी, समोर पांढरी भिंत. वर्गणी जमली की ती आधी प्रोजेक्टरवर खर्च होते, मग स्पीकरवर. माइक मात्र साउंडवाला देईल तो. हा क्रम उलटा हवा. चित्र थोडं फिकं दिसलं तरी लोक बसून राहतात. शब्द कळेनासा झाला की दहाव्या मिनिटाला खिशातले फोन बाहेर येतात.

म्हणून स्वतःच्या मालकीची पहिली वस्तू माइक असावी, आणि तो शुअरचा एसएम ५८ असावा. १९६६ पासून हा माइक बाजारात आहे आणि आजही गावातल्या कुठल्याही साउंडवाल्याला तो कसा लावायचा हे सांगावं लागत नाही. किंमत दहा हजारांच्या आसपास. डायनॅमिक जातीचा आहे, म्हणजे त्याला फँटम पॉवर (मिक्सरनं केबलमधून पुरवलेली वीज) लागत नाही, हातातून निसटून फरशीवर पडला तर बहुधा जाळी चेपते आणि आतलं यंत्र शाबूत राहतं. जाळी सुटी मिळते आणि फिरवून बसवता येते.

खोक्यावर ‘एलसी’ लिहिलेलं असेल तर आत केबल नाही हे धरून चला. चेनची पिशवी, स्टँडची क्लिप, आटे जुळवायचा छोटा अडॅप्टर, एवढंच मिळतं. बटण असलेलं ‘५८ एस’ हे मॉडेल कवितेच्या रात्रीसाठी घेऊ नये. एक कवी जाताना बटण बंद करतो, पुढचा येऊन मुकाट्यानं बोलू लागतो, मिक्सरवरचा, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावरचा, माणूस आवाज वाढवत नेतो, आणि मग कुणीतरी बटण चालू केलं की अख्ख्या तळघराच्या कानठळ्या बसतात. बटण मिक्सरवर असावं, माइकवर नको.

नकली ५८ भरपूर आहेत. अस्सल माइकच्या दांड्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो बहुतेक नकलांमध्ये नसतो, त्यामुळे त्या हाताला हलक्या लागतात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर अस्सल माइक २९८ ग्रॅमच्या जवळपास भरतो. वजन जुळलं म्हणजे खात्री झाली असं नाही, पण वजन बरंच कमी भरलं तर तो परत करायचाच. अडीच-तीन हजारांत ‘नवा ५८’ मिळत नसतो. अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या.

आता त्याचा खरा गुण. हा माइक कार्डिऑइड आहे : समोरचं ऐकतो, बाजूचं निम्मं, आणि शेपटीकडचं जवळपास काहीच नाही. उघड्या फरशीच्या, समोरासमोर भिंती असलेल्या तळघरात याच गोष्टीला किंमत आहे, कारण तिथे आवाज भिंतीवरून परत येतो आणि शिट्टी घालतो. दहा वर्षं जुन्या स्पीकरवरही ५८ मधून आलेला शब्द सुटा ऐकू येतो. पण ही सगळी करामत चार बोटांच्या अंतरावर चालते. अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलनं उतरते. चार बोटांवरचा कवी वीतभर अंतरावर गेला की जवळपास १० डेसिबल गेले. मग मिक्सरवाला आवाज चढवतो, खोली माइकमध्ये शिरते आणि शिट्टी सुरू होते. दोष माइकला लागतो. चूक अंतराची असते.

दुसरी टोकाची चूक म्हणजे ओठ जाळीला टेकवणं. अगदी जवळ गेलं की खालचे सूर फुगतात. मंद, कुजबुजत्या कवितेला हा भारदस्तपणा शोभतो, पण गद्यासारखी लांब कविता असेल तर शब्दांवर घोंगडी पडल्यासारखं होतं. मिक्सरवर ८० हर्ट्झचं हाय-पास बटण (त्याखालचे सूर कापणारं) असतं, ते दाबलेलंच ठेवा. बोलण्यातलं काही त्याच्याखाली नसतं. स्टँडला लागलेले पाय आणि रस्त्यावरची बस मात्र असते.

मराठीसाठी एक खास चाचणी करावी. साउंडचेकला लोक ‘हॅलो, वन, टू’ म्हणतात. त्यातून मराठी कवितेत काय होणार ते कळत नाही. आपल्याकडे प, फ, ब, भ यांचा मारा मोठा, आणि महाप्राण अक्षरांसोबत हवेचा झोत सरळ माइकच्या आतल्या पडद्यावर आदळतो. ‘भर पावसात भाऊ फाटकापाशी पापड भाजतो’ असं काहीतरी जोरात म्हणून बघा. प्रत्येक ‘भ’ला स्पीकरची जाळी धपकत असेल तर माइक तोंडासमोरून काढून हनुवटीच्या उंचीवर आणा आणि साधारण ३० ते ४५ अंश तिरका करून तोंडाकडे रोखा. झोत वरून निघून जातो, आवाज मात्र येतो. तरीही धपका उरला तर फोमची टोपी चढवा. स आणि च (विशेषतः ‘चमचा’तला दंततालव्य च) टोचत असतील तर मिक्सरवरची हाय (वरच्या सुरांची) कळ दोन-तीन डेसिबल खाली घ्या. त्याहून जास्त कापलं की ‘श’ आणि ‘स’ एक होऊन बसतात.

माइक जाळीभोवती मुठीत धरणं हा आजार रॅप करणाऱ्यांकडून कवींपर्यंत पोचला आहे. जाळीच्या मागच्या बाजूलाही माइकला हवा लागते. त्याच वाटेनं तो मागचा आवाज कापतो. ती झाकली की ५८ सगळीकडचं ऐकू लागतो आणि लगेच बोंबलतो. दांडा धरावा, गोळा नाही. हे पहिल्याच कवीला स्टेजमागे सांगितलं तर उरलेली रात्र सुरळीत जाते.

शाहिरी गटासाठी उभं राहण्याची जागा महत्त्वाची. जलशाच्या परंपरेतला गाणारा मोकळ्या गळ्याचा, माइकविना मैदान भरणारा. त्याचा आवाज ५८ ला जड जात नाही, पण मिक्सरचा गेन (माइकचा आवाज आत येतानाच वाढवणारी कळ) आधीच्या हळू वाचणाऱ्या कवीच्या मापानं लावलेला असेल तर लाल दिवा पेटून आवाज फाटतो. गट बदलला की गेन बदलायचा, फक्त लेव्हलची कळ नव्हे. आणि डफ, हलगी शाहिराच्या पाठीशी उभी करू नये. शाहीर प्रेक्षकांकडे तोंड करून उभा, त्याच्या पाठीमागे असलेलं सगळं माइकच्या बरोबर समोर! हलगीवाला बाजूला, माइकशी काटकोनात किंवा थोडा पुढे आणावा. पन्नास माणसांच्या तळघरात हलगीला वेगळा माइक लावायचाच नाही. तुणतुणं, एकतारी यांना मात्र लावावा, साधारण वीतभरावरून.

जितके माइक उघडे तितकी शिट्टी जवळ. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी ताकद ३ डेसिबलनं घटते. चार माइक लावले असतील तरी वाचणाऱ्याचा सोडून बाकीचे बंद ठेवणारा एक माणूस मिक्सरवर बसलेला हवा. तो सूत्रसंचालक असू नये.

मिक्सरचं म्हणाल तर यामाहाचा एमजी १० एक्सयू या कामाला बरोबर पुरतो. चार माइक जोडता येतात, पहिल्या दोन चॅनलवर एकाच कळीचा कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सावरणारा) आहे, आणि यूएसबीतून लॅपटॉपवर रेकॉर्डिंग घेता येतं. इफेक्टही आहेत, कवितेला ते बंद ठेवा. तळघराकडे स्वतःचा घुमारा असतोच, त्यावर आणखी रिव्हर्ब घातला की जोडाक्षरं विरघळतात.

स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढे, बसलेल्या डोक्यांच्या वर, स्टँडवर. कोपऱ्यात ढकलला तर खालचे सूर दणाणतात. कवीला स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर एवढ्या जागेत बहुधा लागत नाही. लावलाच तर तो माइकच्या शेपटीच्या रेषेत, कवीच्या समोर जमिनीवर ठेवा. महागड्या बीटा ५८ए ची गोष्ट निराळी : तो सुपरकार्डिऑइड आहे, त्याचा बहिरा भाग सरळ मागे नसून तिरका असतो, त्यामुळे मॉनिटरही तिरका ठेवावा लागतो. दोन्ही माइक एकाच रात्री मिसळून वापरणाऱ्यांचा इथे घोळ होतो. रिकाम्या हॉलमधल्या साउंडचेकवर फार विसंबू नका; माणसं भरली की खोली शांत होते. शिट्टी येईपर्यंत गेन वाढवायचा, मग ६ डेसिबल मागे यायचं, तिथे खूण करून ठेवायची.

प्रोजेक्टर आला की हमिंग येतं, आणि या रात्रींमधली ही सगळ्यात सतावणारी गोष्ट आहे. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डात, प्रोजेक्टर छताखालच्या दुसऱ्या पॉइंटवर, मिक्सर तिसरीकडे. लॅपटॉपमधून एचडीएमआय प्रोजेक्टरला गेली, ईपीची (हेडफोनची) पिन मिक्सरला गेली, आणि अर्थिंगचा एक मोठा गोल तयार झाला. त्या गोलातून जी घरघर वाहते ती कवितेच्या प्रत्येक विरामात ऐकू येते. शोधायची पद्धत सोपी : चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घ्या; घरघर थांबली तर गुन्हेगार सापडला. थांबली नाही तर एचडीएमआय काढून बघा. उपाय असा की तिन्ही वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणायच्या, आणि लॅपटॉप व मिक्सरच्या मध्ये ग्राउंड लिफ्ट (अर्थची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल जुळवून देणारी छोटी डबी, घालायचा. प्लगची तिसरी पिन मोडून हमिंग घालवणारे महाभाग आहेत. ओल्या फरशीच्या तळघरात, धातूचा माइक हातात असताना, ते जिवावर बेतू शकतं. असं कुणी करत असेल तर कार्यक्रम थांबवावा.

५८ च्या दांड्यातल्या ट्रान्सफॉर्मरचा एक तोटाही आहे. मोठा पॉवर अडॅप्टर किंवा दिव्याचा डिमर अगदी शेजारी असेल तर तो त्याची घरघर उचलतो. वाचनाचा क्लिपवाला दिवा स्टँडवर लावायचा असेल तर अडॅप्टर खाली जमिनीवर ठेवा, आणि दिव्याला शेड असू द्या. नाहीतर कागदावरचा उजेड पडद्यावर सांडतो. स्टँडही पडद्याच्या मधोमध नको, एका बाजूला. माइकची सावली चित्राच्या मध्यावर पडली की ती रात्रभर तिथेच राहते.

केबलमध्ये काटकसर करू नये. माइककडे आणि मिक्सरकडे दोन्ही टोकांना कॅनन पिन (तीन पिनांची एक्सएलआर) हवी. एका टोकाला पी-३८ (गिटारसारखी जाड मोनो पिन) असलेली तयार केबल स्वस्त मिळते, पण ती अनबॅलन्स्ड असते, म्हणजे बाहेरची गुणगुण आपोआप खोडून काढत नाही, आणि दहा मीटरवर वीजवाहिन्यांची गुणगुण घेऊन येते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चांगली तार आणि पिना सुट्या घेऊन डाग देऊन घ्या : १ नंबरला तारेभोवतीची जाळी, २ ला गरम (हॉट) तार, ३ ला थंड (कोल्ड). एखाद्या केबलमध्ये २ आणि ३ उलट लागले तर एकट्या माइकवर काही कळत नाही; दोन कवी दोन माइकवर शेजारी उभे राहिले की मात्र दोघांचेही आवाज पोकळ होतात आणि कारण सापडता सापडत नाही.

तोटे लपवत नाही. हळू बोलणाऱ्या, माइकपासून लांब राहणाऱ्या वाचकासाठी ५८ फारसा दयाळू नाही. त्यांच्यासाठी दुसरा माइक सेन्हायझरचा ई ८३५ घ्यावा. जवळ-लांब झाल्यावर त्याचा पोत तितका बदलत नाही आणि वरचे सूर जरा मोकळे आहेत. पेटी, बासरी यांचा बारीकपणाही ५८ पूर्ण पकडत नाही. कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणाऱ्या जातीचा माइक) उसना मिळाला तर पेटीला तो लावा.

रात्री दहानंतरचं गणित आधीच मांडून ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहाला आतल्या आत सूट आहे, पण खासगी जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. शेजाऱ्यांपर्यंत भिंतीतून पोचतात ते खालचे सूर. हाय-पास बटण इथेही कामाला येतं. जिन्याच्या दारावर टांगलेली जाड गोधडी मात्र वरच्या सुरांनाच थोडी अडवते.

एका रात्रीत वीस तोंडं त्या जाळीसमोर येतात. दुसऱ्या दिवशी जाळी फिरवून काढा, आतल्या फोमसकट कोमट पाण्यात थोड्या साबणानं धुवा, आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. फोमला बोटानं दाबून ओल लागत नाही याची खात्री झाली की मगच ती परत चढवायची.